उजळणीतून सुटलेलं नाव

फलटणच्या बाजारपेठेत जयवंत रासन्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानात बांगडी कधी फुटत नसे. हातातून निसटून फरशीवर पडो की भरताना मनगटाशी तडको, चार तुकडे डोळ्यांसमोर दिसत असले तरी तिला ‘वाढली’ असंच म्हणायचं, हा कासाराच्या घरातला दंडक. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. दिवा विझत नाही, शांत होतो. बाहेर पडणाऱ्यानं ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. सौभाग्याचं लेणं विकणाऱ्याच्या तोंडी अभद्र शब्द नको, एवढाच त्यामागचा हेतू. हेमलता लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्या महिन्यातच सासूबाईंनी तिला हे सगळं शिकवलं, आणि ती त्यात इतकी तयार झाली की पुढं पुढं मनातल्या मनातसुद्धा तिच्याकडून वाईट शब्द उच्चारला जाईना.

त्यामुळे जयवंतरावांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा घरात बरेच दिवस कुणी त्याला थरथर म्हटलंच नाही. आधी ती थंडी होती, मग चहा जास्त झाला होता, मग वय झालं होतं. पण कासाराचा हात म्हणजे काही कारकुनाचा हात नव्हे. समोरच्या बाईची बोटं आवळून, अंगठ्याचा उंचवटा तळव्यात दाबून, तिला बोलण्यात गुंतवून, ती ‘आई गं’ म्हणायच्या आत काचेची बांगडी मनगटावर सरकवायची असते. बोटांना क्षणभर शंका आली तर काच तडकते आणि गिऱ्हाइकाला लागते. मोबाइलसमोर पंजा धरला की माप घेऊन बांगड्या घरपोच पाठवणाऱ्या कंपन्या निघून आता जमाना झाला होता. तरी लग्नाचा चुडा आणि डोहाळजेवणाच्या बांगड्या भरायला बायका अजून रासन्यांकडेच येत, त्या या हातासाठी. आता त्या हातात रोज इतक्या बांगड्या वाढायला लागल्या की सगळा धंदाच वाढवायची पाळी आली.

शेवटी डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि पार्किन्सन्सचं निदान झालं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, ते भरून काढायच्या जुन्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांची एक गंमत होती. त्यांतलं औषध ज्या दारानं रक्तातून मेंदूत शिरतं, त्याच दारानं जेवणातल्या प्रथिनांचे कणही आत शिरत असतात. जयवंतरावांनी दुपारी वाटीभर घट्ट वरण ओरपून गोळी घेतली की औषध बिचारं दाराशी रांगेत उभं आणि तुरीची डाळ आत. म्हणून वरण रात्रीवर ढकललं गेलं. बिनवरणाचा भात म्हणजे त्यांना जेलमधलं जेवण वाटायचं, पण हाताखातर त्यांनी तेही सोसलं. पुढं पुढं गोळ्यांचाही जोर ओसरला. चेहऱ्याचे स्नायू आखडले, हसू उमटेना, आणि काका आपल्यावर रागावलेत असं समजून नव्या बायका दुकानाची पायरी चढायला बिचकू लागल्या. बांगड्या भरायचं सगळं काम हेमलतेवर आलं. जयवंतराव मागच्या स्टुलावर बसून डबे पुसत राहायचे, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्यानं तिच्या जिवाची घालमेल व्हायची.

अशात पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात नवं औषध सुरू झालं. तिथल्या डॉक्टर तहसीन मुजावर मूळच्या सांगलीच्या. समजावून सांगायची त्यांना मनापासून हौस. त्यांनी पहिल्याच भेटीत हेमलतेला विचारलं, घरी दही लावता का? लावते म्हटल्यावर त्यांनी त्या दह्यावरच सगळा मेंदू उलगडून दाखवला.

मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन नावाचं एक प्रथिन असतं, त्या सांगू लागल्या. एरवी ते दुधासारखं सुटं असतं, आपलं काम करतं आणि मोडून जातं. पण एखाद्याच कणाला चुकीची घडी पडते. तो शेजारच्या कणाला चिकटतो आणि त्यालाही आपल्यासारखं करून टाकतो. विरजणाचा एक थेंब भांडंभर दुधाचं दही करतो तसं. हळूहळू प्रथिनाच्या गुठळ्या बनतात आणि डोपामिन तयार करणाऱ्या पेशी त्यांत गुदमरून मरतात. जुनी गोळी फक्त कमी पडलेलं डोपामिन पुरवते, गुठळ्यांना हात लावत नाही. नवं औषध गुठळीच सोडवतं. सुटे झालेले कण पेशीतली झाडलोट करणारी यंत्रणा उचलून नेते आणि दमलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. मेंदूला जवळची वाट म्हणून औषध नाकातून द्यायचं, सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा, संक्रांतीपासून आषाढापर्यंत.

मग त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या की मेंदूत आणखी एक दही लागतं, आणि ते मात्र आपल्याला हवं असतं. एखादी आठवण वर्षानुवर्षं टिकते ती कशावर? पेशी जिथं एकमेकींना भेटतात त्या सांध्यांवर काही वेगळी प्रथिनं अशीच एकमेकांना धरून बसतात म्हणून. रोगाची गुठळी वेगळी, आठवणीची वेगळी. पण औषधाला तो फरक पुरता कळत नाही. ते दोन्ही सैल करतं. सुरुवातीच्या रुग्णांचे हात सुधारले आणि जुन्या आठवणी निसटायला लागल्या. त्यावर उपाय सापडला तो साधा होता. माणूस एखादी गोष्ट आठवून सांगतो तेव्हा मेंदू ती आठवण उघडतो आणि ताज्या प्रथिनांनी नव्यानं बसवतो. अशी ताजी बसवलेली आठवण या औषधाला सुटत नाही. म्हणून औषध चालू असेपर्यंत जे जे राखायचं ते घरच्यांनी बसून बोलायचं, पुन्हा पुन्हा. इस्पितळात याला ‘उजळणी’ म्हणत. चालणं, बोलणं, धंद्यातली हातोटी यांची काळजी नव्हती, ती रोजच्या वापरानं आपसूक उजळत असतात. धोका होता तो वर्षानुवर्षं न काढलेल्या गोष्टींना.

“चांगलं तेवढंच बोलू नका,” डॉक्टरांनी बजावलं. “वाईटसुद्धा. वाईट तर आधी.” आणि मग जयवंतराव तपासणीसाठी आत गेल्यावर त्यांनी हेमलतेला वेगळं विचारलं, की घरात असं काही आहे का, ज्याविषयी कधी बोलणं होत नाही?

हेमलता नाही म्हणाली.

आणि होतं. जुई होती. त्यांची पहिली मुलगी, पाच वर्षांची. निशांतचा जन्म नंतरचा. तो आता हुबळीला नोकरीला होता आणि आपल्याला एक बहीण होती हे त्याला ठाऊक होतं ते पणजोबांचं मूळ गाव ठाऊक असावं तेवढंच. मार्गशीर्षात जुईला ताप आला होता. चार दिवसांनी ताप उतरला, डॉक्टरांनी आता काळजी नाही म्हणून सांगितलं, आणि दर वर्षीप्रमाणे जयवंतराव म्हसवडच्या यात्रेत दुकान मांडायला गेले. तो डेंग्यू होता. डेंग्यूत कधी कधी ताप उतरतो तेव्हाच खरा घात होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर एकदम गळाठली. यात्रेच्या गर्दीत फोन लागेना. निरोप पोचून ते परतले तोवर सगळं आटोपलं होतं. ओसरीवर चार माणसांत सासूबाई एकच वाक्य बोलल्या, “धंद्यापुढं पोर दिसली नाही.” नंतर त्याही कधी बोलल्या नाहीत आणि दुसरंही कुणी बोललं नाही. अभद्र बोलायचं नाही हा घराचा दंडक होताच. त्यात जुईचं नावही गेलं. जयवंतराव पुन्हा कुठल्या यात्रेला गेले नाहीत. दुकानात लहान मुलगी आली की ते तिचा हात न बोलता हेमलतेकडे सरकवायचे आणि मागं जाऊन उगाचच काहीतरी शोधत बसायचे. लहान मापाच्या बांगड्या त्या दुकानात कायम हेमलताच भरायची.

मग ती डॉक्टरांना नाही का म्हणाली? एक तर सवय. आजारी माणसासमोर वाईट काढायचं नाही हे तिच्या हाडीमांसी खिळलेलं. पण तेवढंच नव्हतं, आणि हेमलता स्वतःशी खोटं बोलणारी बाई नव्हती. या दुखण्यानं आपल्या माणसाचा हात नेला, हसू नेलं, आता औषध निदान त्यांच्या मनातला हा काटा घेऊन जात असेल तर जाऊ दे, असं तिला वाटलं. आयुष्यात एकदा काहीतरी फुकट मिळतंय, तर मी का आडवी येऊ?

उजळणी सुरू झाली. दिवेलागणीनंतर दोघं गच्चीत बसायचे आणि हेमलता एकेक विषय काढायची. लग्नातला मांडव वाऱ्यानं उडाला ते, सासऱ्यांनी माप ओळखायला शिकवलं ते, निशांतनं गिळलेला मणी, शेजारच्या आळीतली आग, सासूबाईंचं शेवटचं आजारपण. वाईटसुद्धा बोलायचं होतं, ते ती बोलली. फक्त ओल्या फरशीला वळसा घालावा तशी ती मधल्या पाच-सहा वर्षांना वळसा घालून निशांतच्या बारशाला पोचायची. जयवंतरावांनीही कधी तिला अडवलं नाही. त्यांनाही नको असणार, असं समजून ती निश्चिंत झाली.

होळीनंतर हात सुधारायला लागला. आधी चहाची बशी वाजायची थांबली. मग एक दिवस शर्टाची बटणं त्यांची त्यांनी लावली आणि ती वर-खाली न लावता नीट लावली. चेहरा सैल झाला आणि एकदा हेमलतेच्या हातून साखरेऐवजी मीठ पडल्यावर ते चक्क खदखदून हसले. जुन्या गोळ्या बंद झाल्या, दुपारच्या ताटात वरण परत आलं. वैशाखात निंबाळकरांच्या नातीचा चुडा होता. मुलगी घाबरट, हात जाड, बांगड्या नाजूक. जयवंतरावांनी स्टूल पुढं ओढलं, तिच्या होणाऱ्या सासूची थट्टा करत करत दोन्ही हात भरले, आणि एकही बांगडी वाढली नाही. रीतीप्रमाणे मुलगी वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा त्यांनी तोच स्थिर हात तिच्या डोक्यावर ठेवला. हेमलतेला त्या दिवशी देव भेटल्यासारखं झालं.

निसटायचं ते अधूनमधून निसटत होतंच, पण त्यातलं बरंचसं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पाहिलेले सिनेमे ते पुन्हा डोळे विस्फारून पाहायचे. शेजारच्या भांडीवाल्या मोहोळकरांशी पत्र्याच्या पन्हळीवरून त्यांचं जुनं वैर. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत. ते वैर कधी निसटलं कुणाला कळलंच नाही. एका सकाळी जयवंतराव सरळ मोहोळकरांच्या दुकानात जाऊन बसले आणि चहा मागवा म्हणाले. मोहोळकरांनी चहा मागवला, आणि ते गेल्यावर हळूच येऊन हेमलतेला विचारलं, डॉक्टरांनी आशा सोडली का?

वटपौर्णिमा आठवड्यावर आली आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या गर्दीत एक तरुण बाई पाचेक वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीनं आईच्या आधी आपलाच हात पुढं केला. सवयीनं हेमलता तो धरायला वळली, आणि पाहते तर तो हात जयवंतरावांच्या हातात होता. त्यांनी मुलीला उचलून गल्ल्याशेजारी बसवलं, हत्तीणबाईंना बांगड्या भरायला किती जण लागतात ते तिला रंगवून सांगितलं, आणि सांगता सांगता दोन्ही हातांत हिरव्या-लाल बांगड्या भरूनही टाकल्या. पोरगी हात हलवून खळखळून हसली. ते तिच्याहून मोठ्यानं हसले.

हेमलतेला क्षणभर फार बरं वाटलं. आणि लगेच ध्यानात आलं, लहान मुलीचा हात त्यांनी आज सरकवला नव्हता.

गर्दी ओसरल्यावर ती त्यांच्याजवळ गेली. डबे एकावर एक रचत त्यांची पाठ तिच्याकडे होती. तिनं शक्य तितक्या सहज म्हटलं, “जुईएवढीच होती ना हो ती?”

“कोण जुई?” त्यांनी मागं न वळता विचारलं. “मोहोळकरांची नात का?”

त्यात आवंढा नव्हता, सोंग नव्हतं, काही लपवणं नव्हतं. हेमलता हो म्हणाली आणि आत निघून गेली. मोरीत नळ सोडून ती खूप वेळ रडली. तिनं काटा काढायचा म्हटलं होतं. औषधानं काट्याबरोबर पोरही नेली. सासूबाई राहिल्या नव्हत्या, निशांतनं बहिणीला पाहिलं नव्हतं. आता जुई या जगात फक्त हेमलतेच्या डोक्यात उरली होती आणि तेही डोकं साठीचं. इतकी वर्षं दोघं तिच्याविषयी एक अक्षर बोलले नव्हते, तरी न बोलणारे दोघं होते. त्या गप्प राहण्यातही सोबत होती, हे तिला आज कळलं.

दुसऱ्या दिवशी ते मोहोळकरांकडे चहाला गेलेले पाहून तिनं डॉक्टर मुजावरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. असं लपवणारी हेमलता पहिली नव्हती, म्हणाल्या. एका घरात मोडलेलं लग्न लपवलं होतं, एका घरात तुरुंगवास. आठवण उपटून निघत नाही, फक्त सुटी होते; तिचे धागेदोरे अजून तिथंच असतात. औषध संपायच्या आत कुणी सगळं नीट सांगितलं तर ती पुन्हा बसू शकते. नंतर सांगितलं तर मात्र ते दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकावी तसं ऐकतील. सांगायचं की नाही, हे औषधशास्त्रात नाही. ते तुम्हीच ठरवायचं.

“पण एक लक्षात ठेवा, काकू,” त्या शेवटी म्हणाल्या. “आता तुम्ही जसं सांगाल तसंच ते बसेल. म्हणून नीट सांगा.”

डॉक्टरांनी ते काळजीनं म्हटलं होतं. हेमलतेच्या डोक्यात मात्र त्यातून भलतंच दार उघडलं. जसं सांगेन तसं बसेल. मग ‘तुम्ही यात्रेला गेला नव्हता’ असं सांगितलं तर? ‘तिच्या उशाशी बसला होता, तिचा हात तुमच्या हातात होता’ असं सांगितलं तर? एका वाक्याचं काम. जुईही परत मिळेल आणि त्या दिवसाची बोच राहणार नाही. विरोध करायला होतं कोण? सासूबाईंचं ते वाक्यही आपोआप पुसलं जाईल. तांदूळ निवडताना, भांडी विसळताना हेमलता ते वाक्य मनात घोळवत राहिली. हळूहळू ते इतकं सरावाचं झालं की तिला स्वतःलाच ते उशाशी बसलेले दिसायला लागले.

ते तसे दिसले आणि तिथंच गाडं अडलं. बाप उशाशी असेल तर मग शेवटच्या दुपारी जुई बोलली ते काय? ती एकच विचारत होती, बाबा कधी येणार, आणि हेमलता सांगत होती, येतील हं, निघालेत. पोरीचं या जगातलं शेवटचं बोलणं ते. बापाला उशाशी बसवायचं तर त्या बोलण्याला जागाच उरत नव्हती. पोरीच्या तोंडून ते काढून घ्यावं लागणार होतं. आधीच तिचं नाव काढून घेतलं, आता हेही? हेमलतेनं निवडलेले तांदूळ डब्यात ओतले आणि ठरवून टाकलं, की सांगायचं तर घडलं तसं सांगायचं. ऐकून ते पुन्हा गप्प झाले तर? पुन्हा स्टुलावर जाऊन बसले तर? पण औषधाची शेवटची कुपी निम्मी झाली होती.

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बाजारात चिटपाखरू नव्हतं. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, “निशांतच्या आधी आपल्याला एक मुलगी होती. जुई तिचं नाव.”

जयवंतराव तिच्याकडे पाहत राहिले. तिनं थांबायचं नाही असं ठरवलं होतं. जुई ‘र’ म्हणायची नाही. पोळीचे पापुद्रे सोडवून वरचा तेवढा खायची. फुटक्या… हो, फुटक्या बांगड्यांचे तुकडे गोळा करून त्यांची रांगोळी काढायची आणि आजीचा मार खायची. मग ताप. मग उतरलेला ताप. मग ती दुपार. “आणि संध्याकाळी जुई वारली,” हेमलता म्हणाली. हा शब्द तिनं त्या दुकानात पहिल्यांदा उच्चारला होता. छप्पर काही कोसळलं नाही.

ते लक्ष देऊन ऐकत होते, पण दुसऱ्याच्या घरचं ऐकावं तसं. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“बाप कुठं होता तिचा?”

 तिनं सांगितलं, म्हसवडच्या यात्रेत.

“पोर आजारी टाकून?”

आता उशाशी बसवायचं ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. ताप उतरला होता, ती म्हणाली, डॉक्टर येऊन पाहून गेले होते, काळजी नाही म्हणाले होते. पोर उठून बसली होती, भात खाल्ला होता. ते तरी पायरीवर घोटाळत होते. निघा म्हणून मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

जयवंतरावांनी बराच वेळ विचार केला. गिऱ्हाइकाचा हात पाहून माप ठरवताना करायचे तसा, ओठ मिटून.

“मग त्यात त्या माणसाचं काय चुकलं?” ते म्हणाले.

हे वाक्य त्यांना ऐकवण्यासाठी हेमलता इतकी वर्षं तडफडत होती आणि तिला ते कधी बोलता आलं नव्हतं. तिला हुंदका आला. तरी तिनं राहिलेलंही सांगितलं, कारण घडलं तसं सांगायचं ठरलं होतं. ओसरीवर चार माणसांत सासूबाई जे बोलल्या ते तिनं जसंच्या तसं सांगितलं.

“आई चुकीचं बोलली,” जयवंतराव म्हणाले. रागानं नाही. हिशेबातली चूक दाखवावी तितक्या सरळपणे.

 बाहेरून एक रिक्षा गेली. हेमलता पदरानं डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता तिला दिसलं की त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेलाय. खिशात काही नव्हतं. हात तिथंच चाचपत राहिला, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. तो आता दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकणाऱ्याचा चेहरा नव्हता.

“हेमा, मी पिपाणी घेतली होती,” ते म्हणाले.  “तिच्यासाठी. यात्रेत, देवळामागं. वाजवून बघून घेतली. निरोप आला तेव्हा खिशात होती. येताना माणगंगेच्या पुलावर गाडी थांबवायला लावली आणि… टाकून दिली मी. कुणाला सांगितलं नाही.”

आणि ते रडायला लागले. जुई गेली त्या दिवशीही जे रडले नव्हते ते, तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखे मोकळे रडले. हेमलतेनं त्यांचे दोन्ही हात धरले. हात स्थिर होते.

तिलाही भरून आलं होतं, पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी चाललं होतं. जुईचं जेवढं होतं तेवढं हेमलतेला तोंडपाठ होतं. त्यात कधी काही भर पडणार नाही, असलेलंच झिजत जाणार, हे तिनं केव्हाच धरून चाललं होतं. आणि आज, इतक्या वर्षांनी, तिला आपल्या लेकीची एक नवी गोष्ट कळली होती. एवढीशी, पिपाणीएवढी. पण तिला ती सगळीच्या सगळी हवी होती.

“कुठल्या रंगाची होती हो?” तिनं विचारलं.